नाडीची कंबर किती?

परकर-पोलके ऑनलाइन विकायचे असेल तर ते नुसते नीट शिवलेले असून भागत नाही. त्याला मापांचा तक्ता जोडावा लागतो, आणि तो तक्ता मंजूर होईपर्यंत विक्रेत्याचा धीर चांगलाच मोजून निघतो. सांगलीच्या कापड पेठेलगत आमचे लहानसे दुकान आहे. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून खण आणायचा, मास्तरांकडून लहान मुलींचे परकर-पोलके शिवून घ्यायचे आणि सणासुदीला विकायचे, असा आमचा व्यवसाय. दुकानात मापाचा प्रश्न कधी अडला नाही. मुलगी बरोबर असली तर पोलके तिच्या पाठीला लावून बघतात. नसली तर तिची आजी हात आडवा धरून ‘एवढी आहे बघा’ असे सांगते आणि त्या हाताच्या उंचीवरून मास्तर जो नंबर काढून देतात तो सहसा परत येत नाही. पुतण्याने एका मोठ्या संकेतस्थळावर विक्रेता म्हणून आमचे नाव नोंदवले आणि आजीचा हात तिथे पुरावा म्हणून चालत नसल्याचे आम्हाला कळले.

तक्त्यात छाती, खांदा, बाही, कंबर, उंची असे रकाने होते. ते दोनदा भरायचे होते : एकदा अंगाचे माप म्हणून आणि एकदा कपड्याचे माप म्हणून. मास्तरांना मी २४ नंबरच्या पोलक्याची छाती विचारली, तेव्हा त्यांनी टेप गळ्यातच राहू देऊन उलट विचारले, ‘‘माप देणारं कोण हाय?’’ कोणीही नाही, हे माप कोणाचेच नाही, असे मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. चाळीस वर्षांच्या कारागिराला न दिसणाऱ्या मुलीचे अंग मोजायला सांगणे योग्य नव्हे, हे मलाही पटत होते. शेवटी पोलके टेबलावर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजले, दुप्पट केले आणि त्यातून लूजिंग, म्हणजे कपडा अंगापेक्षा जेवढा सैल ठेवतात ते, वजा करून अंगाचे माप काढले. लूजिंग किती धरायचे यावर मात्र मास्तर आणि पुतण्या यांचे अजून एकमत झालेले नाही.

पुढचा अडथळा इंचांचा होता. मेट्रिक मापांचा कायदा या देशात 1956 साली झाला, पण तो अद्याप शिवणयंत्रापर्यंत पोचलेला नाही. मास्तरांच्या टेपला सेंटिमीटरची बाजू आहे आणि ती अजून कोरी करकरीत आहे. संकेतस्थळाला दोन्ही मापे हवी होती. 24 इंचांना 2.54 ने गुणले की 60.96 येतात. दशांश चालत नाही, असा शेरा आल्यावर आम्ही 61 केले. एका पोलक्याच्या दोन बाह्यांत सुताएवढा फरक सहज पडतो आणि ग्राहक मात्र आता 61 सेंटिमीटरवर भरवसा ठेवून बसणार, या विचाराने मला उगीचच अपराधी वाटू लागले.

खरी कसोटी कंबरेने पाहिली. परकराला नाडी असते. नाडी ओढावी तेवढी कंबर, हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण रकाना रिकामा सोडला की तांबडा होतो आणि फाइल पुढे सरकत नाही. ‘‘मालक, नाडी हाय की, मोजायचं काय त्यात?’’ असे मास्तर म्हणाले. मी नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी, पूर्ण ताणून एक आकडा घेतला, चुण्या पूर्ण गोळा करून दुसरा घेतला आणि दोन्ही टाकले. रकान्यात एकच संख्या बसते, असे उत्तर आले. मग मधली एक संख्या ठरवली. ती कोणत्याही मुलीची कंबर नाही, पण तिला मंजुरी मिळाली.

वयाच्या रकान्याने तर कहर केला. लहान मुलांच्या कपड्यांना २-३ वर्षे, ४-५ वर्षे अशी मापे असतात. एक्सेलमध्ये 2-3 लिहिले की ते शहाणे होऊन त्याची 2 मार्च करते. आमचे 4-5 हे 4 मे झाले आणि 11-12 थेट डिसेंबरात गेले. 13-14 तेवढे वाचले, कारण चौदावा महिना अजून निघालेला नाही. संकेतस्थळाने ‘अमान्य मूल्य’ एवढेच कळवले. पोलक्याच्या वयाच्या जागी तारीख आली आहे, हे सांगण्याची तसदी घेतली नाही. आमचीच ही गत झाली असे नाही. एक्सेल जनुकांच्या नावांच्याही तारखा करते, म्हणून शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये काही जनुकांची नावेच बदलली. ‘मार्च-1’ नावाचे जनुक तेव्हापासून ‘मार्च-एफ-1’ झाले. आम्हाला मुलींची वये बदलता येण्यासारखी नव्हती. त्या रकान्याचा प्रकार आकडे भरण्यापूर्वी ‘टेक्स्ट’ करून ठेवला की तारखा होत नाहीत. ज्यांना पुढेमागे हे काम करायचे आहे त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आपल्या लोकांची अंगे मोजून भारतीय मापे ठरवण्याचा एक सरकारी प्रकल्प आहे, असे पुतण्याने शोधून काढले, तेव्हा मला थोडी आशा वाटली. ‘निफ्ट’ या फॅशनचे शिक्षण देणाऱ्या सरकारी संस्थेने आखलेल्या त्या पाहणीत देशातल्या सहा मोठ्या शहरांतली 15 ते 65 वयाची 25,000 माणसे थ्रीडी स्कॅनरने मोजायची होती. काम मोठे आणि गरजेचे आहे, यात शंका नाही. मात्र त्यात सांगली नाही आणि आमचे सगळे गिऱ्हाईक पंधरा वर्षांच्या आतले आहे.

त्याशिवाय लहान मुलांचा कपडा आपल्याकडे कोणी मापाचा घेतच नाही; तो वाढत्या अंगाचा घेतात. पाच वर्षांच्या मुलीला सात वर्षांचा परकर घ्यायचा, पहिल्या वर्षी तो नेफ्याशी दुमडायचा, दुसऱ्या वर्षी नीट बसवायचा आणि तिसऱ्या वर्षी धाकटीला द्यायचा, अशी घरोघरची योजना असते. तक्त्यात ‘सैल’, ‘नेहमीचे’ आणि ‘अंगाबरोबर’ असे तीनच पर्याय होते. मी ‘सैल’ निवडले, तर छायाचित्रातल्या मुलीला ते नेटके बसलेले दिसते, या कारणावरून नोंद परत आली. ती मुलगी माझ्या मेहुणीची. तिला एक नंबर मोठे पोलके घालून पुन्हा उभे केले, तेव्हा कुठे तक्ता मंजूर झाला.

मंजुरीनंतर पहिला प्रश्न तासगावच्या एका बाईंकडून आला. छाती, खांदा, कंबर, सेंटिमीटर यांपैकी कशाचीही त्यांनी चौकशी केली नव्हती. ‘पुढच्या दिवाळीला पण होईल ना?’ असे त्यांनी लिहिले होते. मास्तरांना विचारून मी उत्तर धाडले की खाली काठाजवळ दोन इंच कापड आत दाबलेले आहे, टीप उसवली की होईल. त्यांनी लगेच दोन मागवले, आणि दोन्ही ७-८ वर्षांचे.