घासाघीस करणाऱ्यांनी क्षमस्व

तर तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, दारात 1991 ची निस्सान 240 एसएक्स आहे, तिचं मूळचं 2.4 लिटरचं केए24डीई इंजिन उपटून तुम्ही जपानहून आलेलं टर्बोवालं एसआर20डीईटी इंजिन बसवलंय, आणि घरात पाळणा हलणार असल्याने गाडी विकून टाकायची आहे. (दुसऱ्या कारणाने असली गाडी सहसा निघत नाही.) मार्गदर्शन हवं, ते घ्या.

किंमत ठरवायला पावत्यांचा गठ्ठा पुढे ओढा. टर्बो, कॉइलओव्हर (गाडी खाली बसवणारी स्प्रिंग-शॉकची जोडी), बकेट सीट, इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), चाकं, सगळं नव्याच्या भावाने धरा. रंग दोनदा मारला असेल तर दोनदा धरा. शनिवार-रविवारचे तास शोरूमच्या मेकॅनिकच्या दराने लावा, कारण तुमची मेहनत गिऱ्हाइकाने नाही तर कोणी फेडायची? हात न लावलेल्या एस13 ला (म्हणजे याच पिढीच्या 240 एसएक्सला) तुमच्या गाडीपेक्षा जास्त भाव येतो, असं कोणी म्हणालं तर तो जळतोय. मूळ सीट, स्टिअरिंग आणि केए इंजिन अजून गॅरेजमध्ये पडून असेल तर आजच भंगारात घाला. चाकं आणि कॉइलओव्हर सुटे विकून मूळ सामान परत चढवलं की एकूण पैसे जास्त सुटतात, पण पैशांसाठी का आपण हे करतोय?

फोटो रात्रीचे, पेट्रोल पंपावरचे, जमिनीलगत बसून काढलेले. तीन पुरेत, आणि तिन्ही एकाच बाजूचे. पुढच्या चाकांमागच्या फ्रेम रेल (तळाचे दांडे) चुकीच्या जागी जॅक लावून चेपल्यात, स्ट्रट टॉवरच्या (शॉक वर बसतो त्या जागेच्या) सांध्यात गंज आहे, हे फोटोत कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रवाशाच्या पायाशी, उजव्या बाजूचं प्लास्टिक तर कोणाला उघडू देऊ नका. तिथे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आहे, आणि जपानी हार्नेस (वायरींचा जुडगा) अमेरिकन गाडीला जोडताना तुम्ही पिळून काळ्या टेपने गुंडाळलेल्या, सगळ्या एकाच रंगाच्या वायरीही तिथेच आहेत. सोल्डर, क्रिम्प, वायरिंगचा नकाशा या भित्र्या माणसांच्या गोष्टी.

मजकुरात चारशे हॉर्सपॉवर लिहा. मूळचा टी25 टर्बो आणि 370 सीसीचे मूळ इंजेक्टर अडीचशेच्या आसपासच दम टाकतात, पण वाचणारा कुठे हिशेब करणार? डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागितला तर ‘ट्यून बाकी आहे’ म्हणा. एसीपुढे ‘फक्त गॅस भरायचाय’ असं लिहा. कॉम्प्रेसर इंजिन बदललं त्या दिवशीच काढून ठेवलाय, हा तपशील झाला.

गिऱ्हाईक कॉम्प्रेशन टेस्ट मागेल, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघेल. काम तासाभराचं: इंजिन गरम करायचं, इंधन पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे कनेक्टर काढायचे, चारही प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर तळाला, आणि काटा स्थिर होईपर्यंत स्टार्टर. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत आले की माणूस तिथेच खिशात हात घालतो. म्हणूनच ठाम नकार द्या. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? त्यापेक्षा थंड इंजिन चालू करून लगेच लिमिटरवर (इंजिनाचे फेरे जिथे रोखले जातात तिथे) आपटवत ठेवा आणि व्हिडिओ काढा. एसआरचे रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) कशालाही बांधलेले नसतात, कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये नुसते दबून बसलेले असतात. अशा वेळी एखादा उडाला तर व्हिडिओला खडखडाटाचं पार्श्वसंगीत फुकट.

फेरी मारायला नेताना सिग्नलवर गाडी बंद पडेल. पडणारच. हवेत फुसकारणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह तुम्ही आवाजासाठी लावलाय. एअरफ्लो मीटरने मोजलेली हवा तो बाहेर सोडतो, ईसीयूला पत्ताच नाही, तो मोजलेल्या हवेइतकं पेट्रोल ओततो आणि इंजिन गुदमरतं. व्हॉल्व्हचं तोंड एका नळीने टर्बोच्या आधी परत जोडलं की रोग बरा होतो. पण मग फुस्स कुठून येणार? ‘रेस कार अशीच असते,’ म्हणा आणि परत स्टार्टर मारा.

आता स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी. कॅलिफोर्नियात विकणाऱ्याने 90 दिवसांच्या आतलं प्रमाणपत्र द्यायचं असतं, आणि ‘आहे तशी’ असं लिहून घेतल्याने ती जबाबदारी टळत नाही. बदललेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं, त्याच्या सगळ्या प्रदूषण-यंत्रणेसकट असावं लागतं. मग रेफरी (अशा गाड्या तपासणारा अधिकृत तपासनीस) बघून मंजुरीची पट्टी चिकटवतो. एसआर20डीईटी अमेरिकेत कधी विकलंच गेलं नाही, त्यामुळे त्या पट्टीची वाट बघू नका. फ्लोरिडासारख्या स्मॉग तपासणी नसलेल्या राज्यातला गिऱ्हाईक शोधा, निदान जाहिरातीत खरं लिहा, असले सल्ले देणाऱ्यांना ब्लॉक करा. तुमच्या ओळखीचा एक माणूस आहे ना, तो प्रमाणपत्र ‘करून देतो’. त्याचा नंबर गिऱ्हाइकालाही द्या, म्हणजे पुराव्याला लेखी काहीतरी राहील.

एवढं करूनही एखादा विशीतला पोरगा रोख पैसे घेऊन आलाच, तर टायटलवर (मालकीच्या कागदावर) सही करा आणि विसरून जा. पाच दिवसांत डीएमव्हीला (तिथल्या आरटीओला) विक्री कळवायची असते, ऑनलाइन चार मिनिटांत होतं, पैसेही लागत नाहीत. म्हणजे त्यात काही दम नसणार. नाही कळवलंत तर पोराने चुकवलेला बे ब्रिजचा टोल, नो पार्किंगचे दंड आणि ओढून नेल्याचं बिल तुमच्याच पत्त्यावर येत राहील. गाडीची खुशाली कळत राहते.