चोर सोडून संन्याशाला एक स्टार

"चित्र धूसर. रात्रीचं काही दिसत नाही. रक्त कपड्याबाहेर पसरतं. खाली सतत एक पट्टी फडफडते, तीसुद्धा काढता आली नाही का? आवाजात सूंऽऽ. घरगुती व्हिडिओ वाटतो. एक स्टार."

१९८०च्या दशकात अमेरिकेत व्हिडिओ टेपवर काढलेल्या एका स्लॅशरबद्दलचं, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या भयपटाबद्दलचं, हे ताजं मत. डोकं सणकलं ते त्या पट्टीवर. "तीसुद्धा काढता आली नाही का" म्हणे! कोणाला? दिग्दर्शकाला? ती पट्टी त्याच्या सिनेमात नाहीच आहे हो.

व्हीएचएस म्हणजे घरगुती व्हिडिओ कॅसेट. ती चालवणाऱ्या यंत्रातल्या फिरत्या ड्रमवर टेप वाचणारी दोन हेड असतात. ड्रम सेकंदाला तीस वेळा फिरतो, आणि प्रत्येक हेड अर्ध्या फेरीत एक फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र, वाचतं. एका हेडचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं त्या क्षणी सिग्नल विस्कटतो. हा सांधा मुद्दाम फील्डच्या अगदी शेवटी, म्हणजे चित्राच्या तळाच्या पाच ते आठ ओळींत ठेवलेला असतो. कारण जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या चारही कडा चौकटीमागे लपायच्या. ज्यांनी ही कॅसेट भाड्याने आणून पाहिली त्यांना ती पट्टी कधी दिसलीच नाही. आज टेपचा सिग्नल संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड सगळ्या ४८० ओळी उचलतं आणि सपाट पडदा त्या सगळ्या दाखवतो, म्हणून ती दिसते. टेपवरून फाइल करणाऱ्याने तळाच्या आठ-दहा ओळींवर काळी पट्टी टाकायची असते. दोन मिनिटांचं काम आहे. ते त्याने केलं नाही, आणि एक स्टार मिळाला त्या माणसाला, ज्याने चाळीस वर्षांपूर्वी मित्रांना गोळा करून सिनेमा काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

पट्टी जाड असेल तर तेही नीट बघा. ती एका टेपची नसते. मूळ टेपवरून संकलनाची टेप, तिच्यावरून टायटल्स आणि इफेक्ट घातलेली टेप, तिच्यावरून कंपनीची मास्टर, तिच्यावरून भाड्याची कॅसेट. म्हणजे चौथी-पाचवी पिढी. सांधा जरा पुढेमागे झाला की प्रत्येक डेक (टेप चालवणारं यंत्र) आपला स्वतःचा ओरखडा वर चढवतो. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असेल तर टेप ताणली गेली आहे, किंवा डेकला लाइन टीबीसी (ओळींची वेळ दुरुस्त करणारं यंत्र) नाही. टीबीसी लावला की ते वाकणं बहुतेक वेळा जागेवर येतं. या सगळ्यात दिग्दर्शकाचा संबंध कुठे आला?

आता "रात्रीचं काही दिसत नाही". ही तक्रार दर तिसऱ्या मतात असते, आणि हे लिहिणाऱ्यांपैकी एकही जण अंधाराकडे नीट बघत नाही. घरगुती ट्यूब कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात कमीत कमी प्रकाश म्हणून सात नाहीतर दहा लक्स लिहिलेलं असायचं. ते फक्त काहीतरी उमटण्यापुरतं. चांगलं चित्र हवं तर त्याच्या कितीतरी पट प्रकाश लागायचा. प्रकाश नसेल तर कॅमेरा गेन, म्हणजे सिग्नलची ताकद, वाढवतो, आणि गेन वाढला की अंधारात मुंग्या वळवळतात. म्हणून पारख सोपी आहे: काळ्या भागात मुंग्यांचा सुळसुळाट असेल तर चित्रीकरणात बहुधा प्रकाश कमी पडला, तिथे खुशाल दिग्दर्शकाला धरा. पण काळा भाग मेल्यासारखा शांत असेल, केस आणि मागची भिंत एकच काळा ठोकळा झाली असेल, तर ते काम नंतर कोणीतरी केलंय. टेपवरचा काळा रंग कधीच एवढा शांत नसतो.

ते होतं कसं, तेही ऐका. एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीत काळ्याची पातळी शून्यावर नसते, आयआरई या सिग्नलच्या मापात साडेसातवर असते. कॅप्चर करताना ती नीट लावली नाही की काळा एक तर राखाडी होतो, नाहीतर खड्ड्यात जातो. शिवाय डिजिटल व्हिडिओत ० ते २५५च्या मोजपट्टीवर काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. फाइल बनवताना कोणीतरी तो ० ते २५५ ताणतो, आणि प्लेअर तो पुन्हा एकदा ताणतो. दोनदा ताणलं की सावलीतला सगळा तपशील गेला. खुनी कोपऱ्यात उभा असतो, तो तुम्हाला दिसत नाही, आणि तुम्ही लिहिता, "शेवटची वीस मिनिटं नुसता काळोख." मूळ टेपवर तो उभा आहे!

रक्ताचंही तेच. व्हीएचएसवर काळ्या-पांढऱ्या चित्राला आडवे साधारण २४० ओळींचे तपशील मिळतात, रंगाला जेमतेम चाळीस. रंगाचा सिग्नल ६२९ किलोहर्ट्झवर खाली आणून वेगळा कोंबलेला असतो, तिथे जागाच तेवढी. सगळ्यात जास्त पसरतो तो भडक लाल. त्यात प्रत्येक नक्कल रंगाला आणखी थोडा खाली सरकवते, म्हणून पाचव्या पिढीत जखम गळ्यावर आणि लाली कॉलरवर दिसते. जाणकार मंडळी कॉर्न सिरपच्या रक्तात निळ्या रंगाचा थेंब टाकून ते काळपट करायची, कारण नुसता लाल खाद्यरंग व्हिडिओवर केशरी-गुलाबी फाकतो. हे ज्याने केलं नाही त्याला जरूर बोला. पण आधी प्रत कितवी आहे ते तर बघा. १९८५चा 'ब्लड कल्ट' अमेरिकेतल्या टल्सा शहरात बेटाकॅम या व्यावसायिक टेपवर काढला होता. बेटाकॅमवर रंग वेगळा आणि चांगला राहतो. त्याची झिजलेली व्हीएचएस नक्कल बघून "कॅमेरा खेळण्यातला होता" म्हणणं म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे.

आणि मग ते स्ट्रेच करणारे! यांच्याबद्दलचा राग जुना आहे आणि तो कमी होण्याचं चिन्ह नाही. ४:३चं चित्र १६:९ पडद्यावर ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. खुन्याचा गोल मुखवटा आडवा अंडाकृती होतो. वर मत काय, "नटांची निवड विचित्र." दुसरी जात त्याहून वाईट: वरून-खालून कापून १६:९ करणारे. ४८० ओळींतल्या ३६० उरतात, पाव चित्र कचऱ्यात. व्हिडिओवाल्यांकडे आधीच ओळी कमी, त्यांनी फ्रेम लावली चौकोनी टीव्हीसाठी, आणि तुम्ही पीडिताच्या डोक्यामागे वर आलेला हातच कापून टाकता. मग म्हणता धक्का बसला नाही.

"डेली सोपसारखं दिसतं" म्हणणाऱ्यांना निदान डोळे आहेत. हो, तसंच दिसतं, कारण अमेरिकेत तेव्हा दोन्ही सेकंदाला साठ फील्डवर काढले जायचे, फिल्मसारखे चोवीस फ्रेमवर नाही. हालचाल सलग, जवळची, अंगावर येणारी वाटते. बंद घरात, साध्या ट्यूबलाइटखाली कोणी हातोडा उचलतो तेव्हा ती सलगताच पोटात गोळा आणते. हीच या प्रकाराची ताकद आहे, आणि नेमकी तीच मारली जाते. फाइल बनवणारा प्रत्येक दुसरं फील्ड फेकून तीस फ्रेमची फाइल करतो, किंवा दोन्ही फील्ड एकावर एक चिकटवून हलणाऱ्या प्रत्येक कडेला कंगव्याचे दात काढतो. क्यूटीजीएमसीसारखं फुकट सॉफ्टवेअर साठ फील्डचे साठ फ्रेम करून देतं. ते वापरायला रात्रभर संगणक चालू ठेवावा लागला तर लागू द्या.

आता नवीन रोग एआयचा. मुंग्या पुसल्या, कडा धारदार केल्या, आणि चेहरे मेणाचे झाले. मुळात जे नव्हतंच ते यंत्राने अंदाजाने भरलं. दात एकमेकांत मिसळतात, भिंतीवरचं वॉलपेपर पोहायला लागतं. त्याला "रिस्टोअर्ड" म्हणायचं आणि खाली लोकांनी आभार मानायचे. संताप होतो. टेपची खरी जपणूक म्हणजे चांगला डेक, स्वच्छ हेड, टीबीसी, एस-व्हिडिओची तार आणि काहीही न गमावणारी, लॉसलेस फाइल. एवढं केलं तर पुसायला फारसं काही उरत नाही.

आवाजाची तक्रार मात्र निम्मी खरी आहे. कॅमेऱ्यावरचा माइक, आणि त्यात ऑटोमॅटिक गेन. पात्रं गप्प झाली की यंत्र आवाज वर ओढतं, सूंऽऽ वाढतो. किंकाळी आली की दाबतं, आणि नंतरचे दोन-तीन शब्द गिळले जातात. काठीला बांधलेला वेगळा माइक नटाच्या डोक्याजवळ आणला असता तर निम्मं भागलं असतं, आणि तो आळस दिग्दर्शकाचाच. उरलेलं निम्मं कॅसेट छापणाऱ्यांचं. टेप वाचवायला एसएलपी या सगळ्यात संथ वेगात छापली की टेप सेकंदाला ३३ मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटर सरकते, आणि कडेच्या बारीक साउंड ट्रॅकवर स, श, च यांची धारच राहत नाही.

तुलना करणारेही आहेतच. "१९७८चा 'हॅलोवीन'ही कमी पैशात झाला, मग यांना काय धाड भरली होती?" तो सुमारे तीन लाख डॉलरमध्ये, ३५ मिलिमीटरवर, पॅनाव्हिजनच्या लेन्सने काढलेला सिनेमा. 'ब्लड कल्ट'चा खर्च सत्तावीस हजार डॉलर सांगितला जातो. दोन्हींना "लो-बजेट" हा एकच शब्द लावून तुलना संपवायची? १६ मिलिमीटर फिल्मचा चारशे फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपतो, मग धुलाई, मग प्रिंट. व्हिडिओ टेप परत पुसून वापरता येते आणि काय चित्रित झालं ते तिथेच बघता येतं. ज्यांनी टेप निवडली त्यांच्यापुढे पर्याय बहुतेक दोनच होते: टेपवर काढा, नाहीतर काढूच नका.

आणि जे मनाला येईल त्याला एसओव्ही (शॉट ऑन व्हिडिओ, म्हणजे थेट व्हिडिओवर काढलेला) म्हणतात तेही या पापात सामील. १९८९चा 'थिंग्ज' सुपर-८ फिल्मवर काढलाय. फिल्मवर! दाणे दिसतात, ओळी नाहीत. उलट १९८२चा 'बोर्डिंगहाउस' व्हिडिओवर काढून चित्रपटगृहांसाठी ३५ मिलिमीटरवर चढवला होता. तो बघून "फिल्मचं वाईट काम" म्हणणारेही भेटतात.

सगळ्यात जास्त चीड मात्र "इतका वाईट की मस्त" म्हणून खिदळणाऱ्यांची. पाच स्टार देतात, पण सिनेमा एक सेकंदही बघत नाहीत. त्यांचे पाच आणि सुरुवातीच्या त्या मतवाल्याचा एक, दोन्ही सारखेच निरुपयोगी. यांपैकी एकानेही वाराचं संकलन कसं केलंय ते लिहिलेलं नाही. दोन डेक जोडून केलेल्या संकलनात दोन्ही यंत्रं पाच सेकंद मागे जायची, मग धावत यायची, आणि तरी कट दोन-चार फ्रेम इकडे तिकडे पडायचा. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा क्रमांक) नव्हता, फक्त टेपच्या कंट्रोल ट्रॅकवरचे ठोके मोजणं. पाच फ्रेम चुकले म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, आणि तेवढ्यात कुऱ्हाडीचा घाव हवेत विरतो. ज्यांना हे कळलं होतं त्यांनी वार एकाच शॉटमध्ये ठेवला, किंवा कटच्या अलीकडे आवाज टाकून तो सांधला. ज्यांना कळलं नाही त्यांच्या सिनेमात प्रत्येक खून मऊ वाटतो. घरगुती डेकला फ्लाइंग इरेज हेड (आधीचं चित्र नेमकं पुसणारं हेड) नसेल तर कटवर काही सेकंद इंद्रधनुष्यी पट्टे उमटायचे, तेही कुठे येतात ते बघितलं की संकलकाने शॉट किती लांब धरलाय आणि का, ते उमगतं. साधा डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळणं, हवा तर दोन प्लेअर, एक रेकॉर्डर, टीबीसी आणि स्विचर लागायचा. ज्याच्याकडे ते नव्हतं त्याने फेड कॅमेऱ्यातच केलाय, आणि कुठे कुठे तो सुंदर जमलाय. कोणी लिहिलंय यावर एक ओळ?

दोष काढायचेच तर खरे काढा, भरपूर आहेत. भाड्याच्या बाजारात सत्तर-ऐंशी मिनिटांची लांबी हवी, पटकथा चाळीस मिनिटांची, मग घराचा तोच बाहेरचा शॉट पाच वेळा. माणूस दारापासून गाडीपर्यंत चालतो आणि कॅमेरा ते पूर्ण दाखवतो. १९८३च्या 'स्लेजहॅमर'मध्ये स्लो मोशन एवढा ताणलाय की त्या दृश्यातली भीती निघून जाते. कॅमेऱ्यावरच एकच उघडा दिवा लावला की चेहरे सपाट होतात आणि मागच्या भिंतीवर काळी कडक सावली पडते. तोच दिवा तीन हात बाजूला नेऊन पांढऱ्या थर्माकोलवरून परतवला असता तर त्याच खोलीत चित्राला खोली आली असती, आणि त्याला जास्तीचे पैसे लागले नसते. या चुका दिग्दर्शकाच्या आहेत. यासाठी दोन स्टार द्या, एक द्या, शून्य द्या, तक्रार नाही.

आणि देताना कोणती प्रत बघितली ते लिहा: भाड्याची कॅसेट, मूळ टेपवरून केलेली डिस्क, की कोणाची तरी ताणलेली फाइल. आज ज्याने एक स्टार दिला, त्याच्या फाइलमध्ये पट्टी आहे, काळा मेलेला आहे आणि माणसं रुंद आहेत. म्हणजे त्याने तो सिनेमा अजून पाहिलेलाच नाही. त्याने टीव्हीचा स्ट्रेच मोड बंद करावा, चांगली प्रत शोधावी आणि पुन्हा बसावं. कोपऱ्यात खुनी उभा आहे.