आत्याचं इन्सुलिन आणि फॅमिली ग्रुपवरची गुठळी

रविवारी आत्याकडे गेलो, तर फ्रिजच्या दारात इन्सुलिनचं पेन जसंच्या तसं आणि शेजारची लसूण-मधाची बरणी निम्मी. चार दिवस इंजेक्शनच नाही. ग्लुकोमीटर म्हणाला ४१२. "अरे, बीपीवाल्यांनी इन्सुलिन घ्यायचं नसतं, ग्रुपवर आलंय."

आलंय ते असं: इन्सुलिन रक्तातली गुठळी विरघळू देत नाही, बीपी असेल तर अटॅक ठरलेला, इंजेक्शन आजच बंद करा, रिकाम्या पोटी लसूण-मध घ्या, डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांना कमिशन मिळतं.

गुठळीबद्दल अर्धं खरं आहे, म्हणूनच चिडचिड जास्त. गुठळी विरघळवायची सुरुवात टीपीए नावाचं प्रथिन करतं आणि त्याला अडवतं पीएआय-१. बीपी, सुटलेलं पोट आणि टाइप २ डायबेटिस एकत्र असले की पीएआय-१ बहुधा वाढलेलं असतं, रक्तातलं इन्सुलिनही. प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर इन्सुलिन टाकलं तर पीएआय-१ वाढतं, हेही कबूल. पण बशीतल्या पेशी म्हणजे माझी आत्या नव्हे. माणसांना काही तास शिरेतून इन्सुलिन देऊन मोजलं, तेव्हा ते सहसा वाढलं नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततं. पीएआय-१ च्या वाढीमागेही मुख्यतः तोच बिघाड आणि पोटाची चरबी. चोर सोडून संन्याशाला सुळी!

"अटॅक ठरलेला" म्हणे. २०१२ साली 'ओरिजिन' चाचणीचे निकाल आले. हृदयविकाराचा धोका असलेली १२,५३७ माणसं, त्यातल्या बहुतेकांना बीपी. एका गटाला ग्लार्जिन इन्सुलिन, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, सहा वर्षांच्या आसपास. हार्ट अटॅक, लकवा, हृदयविकाराने मृत्यू यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. इन्सुलिनवाल्यांचं वजन थोडं वाढलं आणि शुगर धोकादायक उतरण्याचे प्रसंग जास्त आले. खरे दोष हे; मेसेजवाल्याला नेमके तेच दिसले नाहीत.

आता "आजच बंद करा". हे वाक्य लिहिणाऱ्याचा हात कापला नाही? इन्सुलिन तोडलं की शुगर चढते, लघवीवाटे पाणी जातं, रक्त दाट होतं. म्हणजे ज्या गुठळीची भीती घातली, तिलाच आमंत्रण. टाइप १ च्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नसलेल्या पोराने हा सल्ला ऐकला, तर एक-दोन दिवसांत किटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊन जीवावर बेतेल. आणि वर डायबेटिसच्या माणसाला रोज मध!

लसूण फोडणीत घाला, माझी हरकत नाही. पीएआय-१ खरंच उतरवायचं तर वजन कमी करणं आणि मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी यांनी ते उतरतं. बीपी चढवणारं अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक ते वाढवतं, म्हणून बीपीच्या काही गोळ्यांनीही कमी होतं. आत्याची रोजची रॅमिप्रिल त्यातलीच.

कमिशनच्या मुद्द्यावर शाई घालवत नाही.

आत्याने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि डोस विचारून घेतला. मेसेज टाकणाऱ्या दादाला हे सगळं पाठवलं. त्याचे जोडलेले हात आले. मेसेज ग्रुपवर अजून आहे.