चूलबंद आवतन

महालक्ष्मीच्या दिवशी आमच्या गावात एकाच गोष्टीचा तुटवडा असतो, तो म्हणजे जेवणाऱ्या माणसांचा. पुरण असतं, तूप असतं, पत्रावळींचे गठ्ठे असतात. पण ज्याला जेवायला बोलवायला निघावं, तो त्याच्या दारात उभा राहून आपल्यालाच बोलावत असतो.

पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच आमच्या वऱ्हाडातल्या महालक्ष्म्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. नक्षत्राला सुट्ट्यांशी काही देणंघेणं नसतं. २०२४ साली जेवण ११ सप्टेंबरला, बुधवारी आलं, २०२५ साली १ सप्टेंबरला, सोमवारी. पुण्यातला चुलतभाऊ दरवर्षी न चुकता विचारतो, "यंदा रविवारी नाही का घेता येणार?" मोठी आई त्याला दरवर्षी एकच उत्तर देते, "इचारून सांगतो बापा त्याहीले." त्याही म्हणजे महालक्ष्म्या.

या भावाच्या येण्यापासून नियोजन सुरू होतं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, २०२४च्या नोव्हेंबरपासून ते ६० दिवसांवर आलं. बडनेऱ्याचं तिकीट वेटिंगवर आहे हे आम्हाला पूर्वी वैशाखात कळायचं, आता आषाढात कळतं. एवढीच काय ती सुधारणा. येतो मात्र तो दरवर्षी. कसा येतो ते विचारायचं नसतं, कारण सांगायला लागला की दौंडपासून सुरू करतो.

श्रावणात घरची बैठक बसते. विषय एकच, डाळ किती भिजवायची. त्यासाठी माणसं किती हे कळायला हवं, आणि तिथंच गाडं अडतं.

"किती मानसं धराचे?"

"मागल्या सालाइतके," मोठी आई सांगते.

"मागल्या साली किती होते?"

"मोजाचे नसते. जेवनारे मोजले का बरकत जाते."

धाकटी काकू मध्ये पडते, "मागल्या साली उरलं होतं मोठ्या बाई. तिसऱ्या दिवशी म्हशीले पुरन चारलं."

"मंग? म्हैस बी लक्ष्मीच हाय."

इथं ठराव मंजूर होतो. डाळ मागच्या वर्षीपेक्षा जास्त भिजते. मोठी आई ती पायलीनं मोजते, वहिनी किलोत लिहून घेते आणि किराणा दुकानदार दोघींचं ऐकून तिसरंच काहीतरी बांधून देतो. शिवाय आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी इतकं खारं की त्यात हरभऱ्याची डाळ शिजता शिजत नाही. म्हणून नळाचं पाणी आधीपासून भरून ठेवावं लागतं, आणि नळ कधी येईल हे पंचांगात दिलेलं नसतं. आवाहनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पाऊल ठेवायला जागा नसते. सगळीकडे गुंड, बादल्या आणि ड्रम. पाहुणा आला की त्याला आधी विचारतात, पाय धुतले ते कोणत्या ड्रमातून?

आता आवतनाचं. आमच्याकडे ते दोन तऱ्हांचं. घरटी एक म्हटलं की त्या घरचं एक माणूस येतं. चूलबंद म्हटलं की म्हातारी, लेकरं, मुक्कामी आलेला जावई, सगळं घर उठून येतं आणि त्या घरी त्या वेळी चूल पेटत नाही. महालक्ष्मीला चूलबंदच द्यायचं, हा मोठ्या आईचा कायदा. अडचण अशी की बहुतेक घरी महालक्ष्म्या, आणि प्रत्येक घरात एक मोठी आई. मी सकाळी मोटरसायकलवरून गल्लीगल्लीत चूलबंद देत फिरतो आणि तितकीच चूलबंद घेऊन परत येतो. कागदोपत्री पाहिलं तर त्या संध्याकाळी गावात एकही चूल पेटत नाही. प्रत्यक्षात घरोघरच्या भट्ट्यांच्या धुरानं समोरचा माणूस दिसत नाही.

त्यामुळे ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसत नाहीत, त्या घरांना त्या दिवशी भलताच भाव येतो. बदलून आलेला ग्रामसेवक, भाड्यानं राहणारे मास्तर, यांची नावं जन्माष्टमीपासूनच बुक होतात. एक मास्तर तर त्या दिवशी दुपारीच खोलीला कुलूप लावून तालुक्याला जात. लोकांना वाटायचं, सरकारी काम असेल. सवाष्णीची गत त्याहून वाईट. देवीच्या नावानं सवाष्ण जेवली पाहिजे आणि गावातली प्रत्येक सवाष्ण स्वतःच्या घरी पुरण वाटत बसलेली. आमची सवाष्ण शेजारून येते, शेजारची आमच्याकडून जाते, आणि दोघी वाटेत भेटल्या की एकमेकींच्या सासूबद्दल बोलत इतक्या रमतात की दोन्ही घरचे नैवेद्य ताटकळतात.

या सगळ्यावर पुतण्यानं उपाय काढला. तो हिंजवडीत आहे. त्यानं आधी घरच्या ग्रुपवर मतदान घेतलं: येणार, नाही, बघतो. सगळ्यांनी 'बघतो' दाबलं. मग त्यानं एक्सेलचा तक्ता केला. साडेसहाला वरची गल्ली आमच्याकडे, सातला आम्ही त्यांच्याकडे, साडेसातला मारुतीच्या पारामागची घरं, असे स्लॉट पाडले. रंगही दिले. तक्ता खरंच चांगला होता. मी त्याची प्रिंट काढून सपरीत चिकटवली.

तक्त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती. नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणाच्या तोंडात घास जात नाही, आणि सोळा भाज्या पुऱ्या झाल्याशिवाय नैवेद्य होत नाही. कोहळं, दोडकं, कारलं, बरबटी, पडवळ सगळं आलं होतं, मोजणी पंधरावर अडली. ढेमसं नव्हतं. ते आणायला गेलेला माणूस ढेमसं घेऊन आला तेव्हा लाइन गेली. मिक्सर बंद, मग चटणीला पाटा. आंबील ढवळणारीनं अंधारात हात थांबवला तर तिच्या गुठळ्या. अशी प्रत्येक घरी काही ना काही भानगड. शेवटी लाइन आली आणि सगळ्या गावाचा नैवेद्य एकाच वेळी झाला, पावणेनऊला. सगळे रंग एकाच स्लॉटमध्ये.

त्यात सकाळचं आवतन ही नुसती सूचना असते. पानं मांडली की पुन्हा माणूस पाठवावा लागतो, "चला, पान वाढलं." त्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही, भूक कितीही लागलेली असो. आम्ही पुतण्याला पाठवलं. तो आला नाही. त्याला पाहायला धाकट्या काकांना पाठवलं, तेही गेले ते गेलेच. बोलावायला आलेला माणूस म्हणजे आयता सापडलेला पाहुणा, त्याला कोण सोडतो? मी तिसरा निघालो तर पहिल्याच दारात दोघांनी दंड धरून पाटावर बसवलं. समोर पुतण्या, त्याच्या शेजारी काका. दोघं पोळी कुस्करत होते.

"एकच पोयी घालजो काकू, अजून पाच घरं बाकी हायेत."

"पाच घरचं तुय तू पाह्य. इथची तं खाशीन का नाई?"

शुगर सांगून पाहिली. शुगरला इथं फक्त चहात मान आहे. तुपाची वाटी पोळीवर उलटी झाली की हात आडवा धरून उपयोग नसतो, हाताला तूप लागतं आणि पोळीवर दुसरी वाटी येते. जाणते लोक आंबीलपासून सावध असतात, कारण ती खाताना हलकी आणि दुसऱ्या घरी पोचेपर्यंत दगड. सोळा भाज्यांची भाजी घ्यावी, भज्याला नाही म्हणू नये, पंचामृतानं तोंड आंबट करत राहावं, आणि वाढणारी बाई वळली की उठावं. वाढणारीही जाणती असेल तर ती वळतच नाही, मागे मागे सरकत जाते.

चौथ्या घरून निघालो तेव्हा आमच्या घरापाशी गर्दी दिसली. आत पंगत गच्च भरलेली. वरची गल्ली, पारामागची घरं, शिवाय कोणी न बोलावलेले दोन ट्रॅक्टरवाले. आमच्या घरचा मात्र एकही पुरुष तिथं नव्हता. आम्ही सगळे गावभर दुसऱ्यांच्या पाटांवर अडकलेलो आणि आमचे पाट दुसऱ्यांनी भरलेले. कोणी नियोजन केलं असतं तर हे जमलं नसतं.

बायकांची पंगत साडेअकराला बसली. सगळा बेत ज्यांच्या जिवावर, त्यांची वेळ तक्त्यात कुठंच नव्हती. मी पुतण्याला विचारलं, तर म्हणाला, "काका, तो स्लॉट फ्लेक्सिबल आहे." हे वहिनीनं ऐकलं. मग त्या पंगतीला पोळ्या, भाजी, कढी, तूप आणि पाणी एकट्या पुतण्यानं वाढलं. वहिनी मुद्दाम सावकाश जेवली.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं आणि डब्यांची ये-जा सुरू झाली. उरलेल्या पोळ्या सगळ्यांकडेच, त्यामुळे सगळेच सगळ्यांना देतात. आमच्या घरून सकाळी डबे गेले. संध्याकाळी खालच्या गल्लीतून एक डबा आला. झाकणावर आजोबांचं नाव कोरलेलं. मोठ्या आईनं वरची पोळी उचलून उजेडात धरली.

"ही तं आपलीच होय. काठाले जाड हाय पाह्य. धाकटीचं लाटनं."

धाकट्या काकूनं काही न बोलता झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि पुतण्याच्या हातात दिला.

"वरच्या गल्लीत देऊन ये," ती म्हणाली, "अन् बसजो नोको."

तो गेला. रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला, जेवूनच येतो.