बुद्धिबळाच्या पटावर राजकारण २०२२ साली आलेले नाही

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळाची एखादी मोठी स्पर्धा जवळ आली की समाजमाध्यमांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो : बुद्धिबळ हा राजकारणापासून कायम अलिप्त राहिलेला खेळ होता, २०२२ मध्ये युक्रेन युद्धाचे निमित्त करून फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने रशियन खेळाडूंना हाकलले आणि ही परंपरा मोडली, रशियन ग्रँडमास्टर सर्गेई कर्याकिनला तर केवळ मत मांडल्याची शिक्षा झाली. याउलट इराण किंवा सौदी अरेबियाने आपल्या कायद्याप्रमाणे काही अटी घातल्या असतील, तर तो यजमानाचा हक्क आहे, आणि ज्या खेळाडूला त्या पटत नाहीत त्याने जाऊ नये, जबरदस्ती कोणीच केलेली नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत बुद्धिबळावर मनापासून प्रेम करणारे लोक आहेत, म्हणूनच त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

अलिप्ततेचा दावा इतिहास उघडून पाहिला की पहिल्याच पानावर कोसळतो. १९३९ मध्ये ब्युनोस आयर्स येथे ऑलिंपियाड, म्हणजे देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा, चालू असतानाच दुसरे महायुद्ध पेटले. इंग्लंडचा संघ स्पर्धा सोडून परतला, आणि जर्मनी विरुद्ध पोलंड यांसारख्या काही लढती एकही चाल न खेळता २-२ अशा बरोबरीत नोंदवल्या गेल्या. १९६५ मध्ये क्यूबातील हवाना येथील कापाब्लांका स्मृती स्पर्धेला जाण्याची परवानगी अमेरिकी सरकारने बॉबी फिशरला नाकारली, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून चाली कळवत संपूर्ण स्पर्धा खेळला. वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेला फिडेने १९७४ मध्ये दूर केले आणि तो देश १९९२ मध्येच परत आला. १९७६ चे ऑलिंपियाड इस्रायलमधील हैफा शहरात भरले, तेव्हा सोव्हिएत संघ आणि अरब देश तेथे गेले नाहीत. त्याच काळात लिबियाने त्रिपोली येथे समांतर स्पर्धा भरवली. हैफात ४८ संघ खेळले, त्रिपोलीत ३४. हैफात अमेरिका विजयी झाली, त्रिपोलीत एल साल्वादोर. दहा वर्षांनी दुबईत इस्रायलला निमंत्रणच दिले गेले नाही, आणि डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन व नेदरलँड्स यांनी त्याच्या निषेधार्थ आपले संघ पाठवले नाहीत.

या यादीतील सर्वांत बोलके प्रकरण सोव्हिएत ग्रँडमास्टर व्हिक्टर कोर्चनॉय यांचे आहे, कारण तेथे एका माणसाला कोणत्याही लेखी बंदीशिवाय वगळण्यात आले. १९७६ च्या उन्हाळ्यात ॲम्स्टरडॅमची स्पर्धा संपल्यावर त्यांनी सोव्हिएत संघात परतण्यास नकार दिला. त्यानंतर ज्या निमंत्रितांच्या स्पर्धेत कोर्चनॉय असतील त्या स्पर्धेत सोव्हिएत ग्रँडमास्टर खेळत नसत. आयोजकासमोर निवड सरळ होती : एकीकडे कोर्चनॉय, दुसरीकडे जगज्जेता कार्पोव्ह आणि त्याच्याबरोबरची बलाढ्य सोव्हिएत फळी. बहुतेक आयोजकांनी काय निवडले असेल हे सांगायला नको. जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंपैकी एकाला कित्येक वर्षे अशा स्पर्धांची दारे बंद राहिली आणि कागदावर मात्र कोणाचीच सही नव्हती. १९८३ मध्ये तर कोर्चनॉय आणि वीस वर्षांचा कास्पारोव्ह यांची, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवण्याच्या मालिकेतील, उपांत्य लढत अमेरिकेतील पॅसाडेनाला ठरलेली असताना सोव्हिएत संघाने कास्पारोव्हला पाठवलेच नाही, आणि फिडेने कोर्चनॉय यांना विजयी घोषित केले. पुढे ते स्वतः खेळायला तयार झाले म्हणून ती लढत लंडनमध्ये झाली, कास्पारोव्ह जिंकला, आणि कोर्चनॉय यांच्यावरचा बहिष्कार त्या तडजोडीनंतरच मागे पडला. न खेळता मिळालेला विजय त्यांनी कवटाळून धरला असता तर कास्पारोव्हची कारकीर्द निदान काही वर्षे लांबणीवर पडली असती. ज्या माणसाला वगळण्यात आले त्यानेच दुसऱ्याला वगळू दिले नाही, ही गोष्ट मला बुद्धिबळाच्या इतिहासातील कोणत्याही डावाइतकी मोलाची वाटते. सोव्हिएत काळ हा निखळ खेळाचा सुवर्णकाळ म्हणून सांगणाऱ्यांनी ही वर्षे वगळून चालणार नाही.

दुसरे विधान रशियन खेळाडूंना हाकलल्याचे आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झाल्यानंतर फिडेने मॉस्कोचे ऑलिंपियाड काढून घेतले, ते चेन्नईला झाले, आणि मार्चमध्ये रशिया व बेलारूसचे राष्ट्रीय संघ निलंबित केले. एवढे खरे आहे. परंतु त्याच निर्णयाने या देशांच्या खेळाडूंना फिडेच्या ध्वजाखाली वैयक्तिक स्पर्धांत खेळण्याची मुभा राहिली, आणि ते खेळलेही. इयान नेपोम्नियाचीने त्याच वर्षी माद्रिदची कँडिडेट्स स्पर्धा, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, जिंकली आणि २०२३ मध्ये अस्ताना येथे डिंग लिरेनविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत खेळली. अलेक्सांद्रा गोर्याच्किनाने २०२३ चा महिला विश्वचषक जिंकला. २०२५ च्या अखेरीस गोव्यात झालेल्या विश्वचषकात रशियन खेळाडू सर्वांसारखे पटावर बसले आणि त्यांच्यापैकी आंद्रेई एसिपेंको तिसरा आला. ऑगस्ट २०२२ मध्ये चेन्नईतच फिडेच्या अध्यक्षपदी पुन्हा निवडून आले ते आर्कादी द्वोर्कोविच, म्हणजे रशियाचे माजी उपपंतप्रधान, आणि त्यांच्यासोबत उपाध्यक्ष झाले विश्वनाथन आनंद. ज्या संघटनेचा अध्यक्षच रशियन आहे, तिने रशियन खेळाडूंना हाकलले असे म्हणताना निदान शब्द जपून वापरले पाहिजेत.

राष्ट्रीय संघ थांबवणे आणि माणसाला थांबवणे यांतला फरक हा शाब्दिक कीस नाही. राष्ट्रीय संघ राज्याच्या नावाने आणि ध्वजाने खेळतो. त्याला थांबवले तर त्या राज्याला काही सांगितले जाते. व्यक्तीला तिच्या पारपत्रामुळे थांबवले तर तिने न केलेल्या कृत्याची शिक्षा तिला मिळते. युद्ध सुरू झाल्यावर चाळीसहून अधिक रशियन बुद्धिबळपटूंनी युद्ध थांबवा असे पुतिन यांना उघड पत्र लिहिले होते, आणि त्यात नेपोम्नियाची व पीटर स्विडलर यांची नावे होती. त्यांना सरसकट घरी बसवले असते तर ज्यांनी धोका पत्करून आवाज उठवला त्यांनाच आपण गप्प केले असते. संघांवरील निलंबन योग्य होते का, ते किती काळ असावे आणि इतर युद्धांत तसेच का केले गेले नाही, हे प्रश्न रास्त आहेत व विचारले जायलाच हवेत, पण ते विचारण्यासाठी न घडलेली हकालपट्टी रचण्याची गरज नाही.

कर्याकिनच्या बाबतीत मात्र या मजकुरात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. २०२१ च्या विश्वचषकात दुसरा येऊन त्याने कँडिडेट्समधील जागा पटावर कमावली होती. युद्धाचे उघड समर्थन केल्याबद्दल फिडेच्या नीती व शिस्तपालन आयोगाने २१ मार्च २०२२ रोजी त्याच्यावर सहा महिन्यांची बंदी घातली, आणि ती जागा गेली. आधार होता तो खेळाची प्रतिमा मलिन केल्याच्या कलमाचा. त्याची विधाने मला अत्यंत क्लेशकारक वाटली, आजही वाटतात. सिम्फेरोपोलमध्ये जन्मलेला, बाराव्या वर्षी युक्रेनचा खेळाडू म्हणून ग्रँडमास्टर झालेला माणूस त्याच देशाच्या शहरांवरच्या हल्ल्याची भलामण करतो हे समजून घेणेही अवघड जाते. तरीही इतक्या मोघम कलमाखाली पटाबाहेरच्या बोलण्यासाठी कोणाची कमावलेली जागा काढून घेऊ नये, असे माझे मत आहे. उद्या हेच कलम दुसऱ्या सरकारच्या सोयीने दुसऱ्या खेळाडूवर वापरले जाईल, आणि तेव्हा आपल्याकडे हरकत घेण्यासाठी जागा उरणार नाही. पण या प्रकरणातून रशियन असण्याची शिक्षा झाली, हा निष्कर्ष निघत नाही. त्याच आयोगाने त्याच वेळी सर्गेई शिपोव्ह या दुसऱ्या रशियन ग्रँडमास्टरला निर्दोष ठरवले, आणि ज्या स्पर्धेतून कर्याकिन गेला तीच स्पर्धा एका रशियन खेळाडूने जिंकली. कर्याकिनच्या जागी आलेला डिंग लिरेन दुसरा आला, जगज्जेत्या कार्लसनने किताब सोडल्यामुळे जगज्जेतेपदाच्या लढतीत पोहोचला आणि जगज्जेता झाला. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेशने हरवले ते त्यालाच. एका खेळाडूला वगळल्याने पुढची किती पाने वेगळी लिहिली जातात, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नसेल.

आता यजमानाच्या हक्काकडे वळू, कारण या मजकुरातील सर्वांत घातक भाग तोच आहे. २००४ मध्ये फिडेची जगज्जेतेपदाची स्पर्धा त्रिपोलीला दिली गेली आणि इस्रायली ग्रँडमास्टर तेथे खेळू शकले नाहीत. २०१७ च्या सुरुवातीला महिलांची जगज्जेतेपदाची स्पर्धा तेहरानला झाली आणि प्रत्येक खेळाडूला डोके झाकणे सक्तीचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस रियाधमध्ये जागतिक रॅपिड व ब्लिट्झ (जलद व अतिजलद) स्पर्धा झाल्या. इस्रायलच्या खेळाडूंना व्हिसा मिळाला नाही, आणि कतार व इराणच्या खेळाडूंना तो अगदी शेवटच्या घटकेला मिळाला. यजमान आपल्या देशात आपला कायदा चालवणारच, असे म्हटले जाते. त्याच्या खासगी निमंत्रितांच्या स्पर्धेत एक वेळ तसे म्हणता येईल. जगज्जेतेपद मात्र यजमानाचे नसते. ते फिडेचे असते, म्हणजे सर्व सदस्य देशांचे, आणि भेदभाव न करण्याचे बंधन फिडेने स्वतःच्या घटनेत स्वतःवर घालून घेतले आहे. यजमानाला त्या किताबाची प्रतिष्ठा हवी असेल तर तिच्यासोबत येणारी अटही त्याला स्वीकारावी लागते.

स्थानिक नियमापेक्षा खेळाच्या संघटनेचा नियम वरचढ ठरू शकतो, हे महाराष्ट्राला तरी नव्याने सांगायला नको. १९७६ मध्ये मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही.

रियाधच्याच स्पर्धेत ४८ वर्षांच्या आनंदने रॅपिडचे जगज्जेतेपद जिंकले. तो विजय त्याने निर्विवाद गुणवत्तेने मिळवला आणि त्याचा आनंद आपल्या सर्वांना झाला, मलाही झाला. पण त्याच दालनात महिलांच्या रॅपिड आणि ब्लिट्झ या दोन्ही किताबांची मानकरी युक्रेनची ॲना मुझिचुक नव्हती. बाहेर पडताना सोबत कोणी असण्याची, विशिष्ट पेहराव करण्याची, एकूणच दुय्यम माणूस म्हणून वावरण्याची तिची तयारी नव्हती. आयोजकांनी खेळताना अबाया व हिजाबची सक्ती शिथिल केली होती, तरी ती गेली नाही. दोहामध्ये वर्षभरापूर्वी कमावलेले दोन्ही किताब तिने एकही डाव न हरता गमावले.

पटत नसेल त्याने जाऊ नये, या सल्ल्याची किंमत अशी असते, आणि ती दर वेळी खेळाडूच भरतो. २०१८ मध्ये पुण्याच्या सौम्या स्वामीनाथनने इराणमधील हमादान येथील आशियाई सांघिक स्पर्धेतून माघार घेतली. तिने नाव दिले तेव्हा स्पर्धा बांगलादेशात व्हायची होती. नंतर ठिकाण बदलले आणि त्यासोबत हिजाबची सक्ती आली. कनिष्ठ गटात जगज्जेती राहिलेल्या या खेळाडूला भारतीय संघातील आपली जागा सोडावी लागली. तेहरानला गेलेल्या हरिका द्रोणवल्लीने डोके झाकून खेळत उपांत्य फेरी गाठली, आणि तिच्या निर्णयालाही मी दोष देणार नाही. व्यावसायिक खेळाडूला जगज्जेतेपदाची संधी दर वर्षी मिळत नाही. दोघींना अशा निवडीपुढे उभे करणारा दोषी आहे.

शिवाय ज्यांचा स्वतःचा महासंघच त्यांना अडवतो त्यांना तर न जाण्याचा पर्यायही नसतो. २०१७ मध्ये जिब्राल्टरच्या स्पर्धेत दोरसा दरख्शानी हिजाबशिवाय खेळली आणि तिचा किशोरवयीन भाऊ बोर्ना इस्रायली प्रतिस्पर्ध्यासमोर बसला, म्हणून इराणच्या महासंघाने दोघांनाही दूर केले. २०१९ च्या अखेरीस इस्रायली खेळाडूंशी गाठ पडू नये म्हणून मॉस्कोच्या जागतिक रॅपिड व ब्लिट्झ स्पर्धेला जाण्यास मनाई झाली, तेव्हा सोळा वर्षांचा अलीरेझा फिरौजा इराण सोडून फिडेच्या ध्वजाखाली खेळला आणि रॅपिडमध्ये दुसरा आला. आज तो फ्रान्सकडून खेळतो. इराणचीच सारा खादेम डिसेंबर २०२२ मध्ये अल्माटी येथे डोके न झाकता खेळली आणि तिला स्पेनमध्ये घर शोधावे लागले. या तिघाचौघांना जबरदस्ती झाली नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

याच चर्चेत चेन्नईतून पाकिस्तानचा संघ परतल्याचे उदाहरणही दिले जाते. तो संघ भारतात आला होता, आणि ऑलिंपियाडची मशाल जम्मू-काश्मीरमधून नेल्याचा निषेध म्हणून त्याच्या सरकारने त्याला परत बोलावले. तो बहिष्कार होता, वगळणे नव्हते.

उपाय अशक्य नाहीत. तेहरानच्या स्पर्धेसाठी दुसरा यजमानच पुढे आला नव्हता आणि रियाधमध्ये बक्षिसांची रक्कम प्रचंड होती; फिडेची अडचण पैशाची होती, आणि पैशाच्या अडचणीवर नियम करता येतो. सर्व सदस्य देशांच्या खेळाडूंना व्हिसा मिळेल याची लेखी हमी यजमानपद देण्यापूर्वी घ्यावी, पेहरावाची कोणतीही धार्मिक सक्ती करारातच नाकारावी, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत एकाही पात्र खेळाडूचा व्हिसा अडला तर स्पर्धा हलवावी. २०१८ ची जागतिक रॅपिड व ब्लिट्झ स्पर्धा रियाधला व्हायची होती, ती सेंट पीटर्सबर्गला झाली. म्हणजे हलवणे शक्य होते. हीच गोष्ट एक वर्ष आधी झाली असती तर मुझिचुकला आपले दोन किताब पटावर राखण्याची संधी मिळाली असती, आणि इस्रायलचे खेळाडूही त्या दालनात असते.