काय हा अवतार!

विस्कटलेले केस आणि चुरगळलेला सदरा अशा थाटात दारात उभ्या राहिलेल्या पोराला पाहून मराठी आई जे तीन शब्द उच्चारते, त्यांतला शेवटचा शब्द आता कोटेशनमध्ये जीएसटीसह छापून येतो. आपला व्यवसाय लोणच्यांचा असो, शिकवणीचा असो वा प्लंबिंगचा, त्याची माहिती आपण स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगणे हे मागासलेपणाचे लक्षण मानले जाते. ती आपल्या वतीने एआयचा अवतार, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला बोलका चेहरा, सांगतो आणि तो अवतार घडवण्यासाठी एक तज्ज्ञ फ्रीलान्सर नेमावा लागतो. चिंचवडमध्ये फराळ आणि भाजणी विकणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने हे सारे पैसे मोजून शिकून घेतले असल्यामुळे, आपण त्याच वाटेने जावे यासाठी काही अनुभवसिद्ध सल्ला देणे मी माझे कर्तव्य समजतो.

व्हिडिओत काय सांगायचे आहे, हे तज्ज्ञ नेमण्यापूर्वी मुळीच ठरवू नये. ते ठरवायला बसल्यास निम्मे काम आपणच केल्यासारखे होते आणि मग तज्ज्ञाला पैसे कशाचे द्यायचे, असा प्रश्न पडतो. ‘काहीतरी प्रोफेशनल पाहिजे’ एवढी सूचना पुरेशी आहे. तिच्या आधारे तज्ज्ञ एका चॅटबॉटकडून स्क्रिप्ट लिहून घेतो आणि त्यामुळे आपल्या चकलीची ओळख ‘परंपरा आणि आधुनिकतेचा सुंदर संगम’ अशी होते. भाजणीतली प्रत्येक डाळ वेगवेगळी भाजावी लागते, मोहन कमी पडले तर चकली कडक होते आणि जास्त झाले तर ती तेलात विरघळते, असली घरगुती माहिती त्या संगमात आपोआप वाहून जाते.

तज्ज्ञ निवडताना त्याचा पोर्टफोलिओ जरूर पाहावा, परंतु आवाज बंद ठेवून. त्यातले सगळे नमुने इंग्रजीत असतील आणि निळ्या कोटातला एकच गृहस्थ सगळ्यांत बोलत असेल, तर ते सातत्याचे लक्षण समजावे. मराठीतला एखादा नमुना मागणे हे अविश्वास दाखवण्यासारखे आहे. सिंथेसिया, हेजेन वगैरे अवतार घडवणारी साधने शंभराहून अधिक भाषा बोलतात आणि दूरदर्शन किसानने २६ मे २०२४ रोजी आणलेले ‘एआय क्रिश’ व ‘एआय भूमी’ हे निवेदक ५० भाषा बोलतील असे सांगितले गेले होते, तेव्हा आपल्या एका भाषेचे काय एवढे! दर ठरवताना मात्र घासाघीस अवश्य करावी. फाइव्हरसारखे कामे मिळवून देणारे संकेतस्थळ फ्रीलान्सरच्या कमाईतून २०% कापून घेते हे ठाऊक असूनही आपण आणखी ३०% कमी करून मागितले, की उरलेल्या रकमेत तो जेवढा वेळ देऊ शकतो, तेवढाच देतो.

आता उच्चारांविषयी, कारण माझे बहुतेक शिक्षण तिथेच झाले. चकलीतला ‘च’ हा चमच्यातला आहे, चिवड्यातला नव्हे, हे आपल्या तीन वर्षांच्या नातवालाही कळते. लिपीत मात्र दोन्हींसाठी एकच अक्षर असल्यामुळे यंत्राला ते नुसत्या अक्षरावरून कळत नाही आणि त्यातून तो आवाज हिंदीवर पोसलेला असेल तर प्रश्नच मिटला. आमच्या अवताराने, म्हणजे साधनात आयत्या मिळणाऱ्या एका तरुणीने, पहिल्याच वाक्यात चिकूतला ‘च’ घेऊन चकली म्हटली, शंकरपाळ्यांचे ‘शंकरपाले’ केले आणि १,२५० रुपयांच्या डब्याची किंमत ‘बारह सौ पचास’ अशी सांगितली. मी तक्रार केल्यावर तज्ज्ञाने शांतपणे स्क्रिप्टमध्ये ‘त्सकली’ असे लिहिले. नव्या व्हिडिओत ती सुहास्यवदना आधी ‘त’ म्हणाली, क्षणभर थांबली आणि मग ‘सकली’ म्हणाली. हा पदार्थ कोणता, असे आमच्याच आत्याने विचारले, आणि आमच्या घरची भाजणी गेली ३० वर्षे तीच भाजते.

सुहास्यवदना हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. तयार अवताराला हसण्याचे प्रशिक्षण असते, थांबण्याचे नसते. ‘आमच्या आजी गेल्या आणि हा व्यवसाय आम्ही पुढे चालवायचे ठरवले’ हे वाक्य तिने बत्तीशी दाखवत, भुवया उंचावत आणि ‘गेल्या’ या शब्दावर दोन्ही हात पसरून म्हटले. एखाद्या गृहप्रकल्पाचे उद्घाटन जाहीर करावे, तसा तो आनंद होता. पुढे कळले की ते हातवारे खरोखरच गृहप्रकल्पाचेच होते. तयार अवतार सर्वांना सामाईक असल्यामुळे तीच कन्या दुसऱ्या एका जाहिरातीत बिगरशेती प्लॉट आणि तिसऱ्या जाहिरातीत मूळव्याधीचा काढा विकत होती. आमच्या एका जुन्या ग्राहकाने फोन करून, ‘तुम्ही काढाही करता का हो?’ असे आदराने विचारले.

दुरुस्त्या किती वेळा करून मिळणार, हे करारात लिहून घेण्याच्या भानगडीत पडू नये. प्रत्येक नव्या रेंडरला, म्हणजे व्हिडिओ पुन्हा तयार करायला, क्रेडिट लागतात, क्रेडिटला पैसे लागतात, आणि ते कोणाचे, यावर रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर होणारी चर्चा दोन्ही पक्षांचे संबंध दृढ करते. किंबहुना करारच नसावा. खाते तज्ज्ञाच्या ईमेलवर, मूळ फाइल तज्ज्ञाच्या ड्राइव्हवर आणि आपल्या चेहऱ्याची व आवाजाची प्रतिकृतीही त्याच्याकडेच, अशी सुटसुटीत व्यवस्था ठेवावी. अभिनेते अनिल कपूर यांनी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून आपले नाव, छबी, आवाज आणि चक्क ‘झकास’ हा अस्सल मराठी उद्गार यांना संरक्षण मिळवले आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये आवाजाच्या एआय नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. पण ती मोठी माणसे. हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीतल्या बनावट वरिष्ठांवर विश्वास ठेवून १५ व्यवहारांत २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले, हे २०२४ मध्ये उघड झाले, तीही मोठी कंपनी. आपल्या आवाजात आपल्या हिशेबनीसाला ‘जरा पन्नास हजार टाक’ असे सांगण्याची तसदी कोण घेणार?

व्हिडिओ कृत्रिम असल्याची ठळक खूण करण्याचा नियम २०२६ च्या फेब्रुवारीत आला आहे. त्याबाबत तज्ज्ञाला विचारू नये. तो ‘ते प्लॅटफॉर्म बघतं’ असे म्हणतो आणि विषय संपतो.

एवढे होऊनही समाधान झाले नाही, तर शेवटचा आणि सर्वांत महाग उपाय उरतो, तो म्हणजे स्वतःच्याच चेहऱ्याचा अवतार. मी तो केला. त्यासाठी काय लागते, असे विचारल्यावर तज्ज्ञाने सांगितले, ‘सर, फार काही नाही. चांगल्या उजेडात उभे राहा, कॅमेऱ्याकडे बघा आणि दोनेक मिनिटे मोकळेपणाने बोला. शिवाय तुमची संमती असल्याचे एक वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणा.’ कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटे बोलायला नको, म्हणून ज्याला नेमले, त्यानेच हे सांगितले, आणि ते ऐकताना मला काहीही विसंगत वाटले नाही, यावरून मी किती तयार झालो होतो हे लक्षात यावे.

तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहिलो. बोलायला काहीच सुचेना, म्हणून समोर दिसले ते बोललो. आत्या कढईत उडदाची डाळ भाजत होती. डाळ भाजली हे डोळ्यांनी नव्हे तर नाकाने कळते, ती तांबूस दिसेपर्यंत थांबलात तर दळण कडवट होते, असे काहीबाही. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि आत्या ‘अरे, बाजूला हो, उजेड अडवतोयस’ म्हणाली. शिट्टीमुळे प्रशिक्षणाचा दर्जा खालावला, असे तज्ज्ञाने कळवले, तरी अवतार तयार झाला. तो माझ्यासारखाच दिसतो, माझ्याहून बारीक आहे आणि चकलीला अजूनही चिकूतल्या ‘च’नेच हाक मारतो.

आपण असा अवतार करून घेतलाच, तर माझी एकच कळकळीची विनंती आहे की ते दोन मिनिटांचे मूळ चित्रीकरण तातडीने पुसून टाकावे. आमच्या आत्याने ते सोसायटीच्या गटावर पाठवले आणि तेव्हापासून डाळ नेमकी किती भाजायची हे विचारायला आणि जाता जाता दोन किलो भाजणी सांगायला लोक फोन करतात. एकेक फोन दहा-दहा मिनिटे चालतो. अवतार फोन उचलत नाही. तज्ज्ञ म्हणतो, त्याचे पॅकेज वेगळे आहे.