‘एवढंच माझं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शाळेतल्या कला-सप्ताहावर मी जे कौतुकानं लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी. तुमचं म्हणणं असं : कार्यक्रमापायी महिनाभर तासांचं खोबरं होतं, रंगमंचावर तीच ती दहा-बारा मुलं असतात, प्रकल्प आई-वडील करून देतात आणि संस्कृतीच्या नावाखाली भाड्याचे पोशाख चढवून फोटो काढले जातात.

आधी तासांचं. कलेनं गणिताचे मार्क वाढतात, असं सांगून आपला तास वाचवायची आम्हा कलाशिक्षकांना सवयच लागली आहे. मी ते सांगणार नाही. हार्वर्डच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या संशोधनगटातून एलन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली असे जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा बहुतेक दावे टिकले नाहीत. वर्गात नाट्यप्रसंग करून पाहिल्यानं भाषा सुधारते, अशा मोजक्याच गोष्टी टिकल्या. म्हणजे चित्रकलेचा तास हवा तो चित्रकलेसाठीच. गणिताच्या तासाला कोणी विचारतं का, की यानं चित्र सुधारतं का?

आणि तो माध्यमिक शाळेत जास्तच हवा. लहान मूल बिनधास्त काढतं. हत्ती जांभळा झाला तरी त्याचं काही अडत नाही. पुढे, साधारण बारा-तेराव्या वर्षी, त्याची नजर हाताच्या पुढे जाते. काढलेला हात हातासारखा दिसत नाही हे त्यालाच कळतं, आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटते. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्येच मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडताना या वयातली ही चिकित्सक नजर नोंदवली होती. नेमक्या याच वयात आपण तास कापतो.

म्हणून मी सातवी-आठवीला कागदाचे तुकडे खळीनं थरावर थर चिकटवून करायचे मुखवटे देतो. मुखवटा हुबेहूब नसला तरी चालतो, उलट नसलेलाच बरा दिसतो. शिवाय त्यात हाताला शिकण्यासारखं खूप असतं. कागद कात्रीनं कापायचा नाही, फाडायचा, कारण फाटलेली कड खळीत विरघळल्यासारखी बसते. वर्तमानपत्र एका दिशेनं सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेनं वेडंवाकडं. हे मुलांना सांगायचं नाही, ती आपणच शोधतात. एक थर छापील, एक कोरा, म्हणजे कुठे थर राहिला ते दिसतं. घाईनं जाड थर चढवले तर वरून वाळतात, आत ओल राहते आणि आठवड्यात बुरशी. गेल्या वर्षी सहा मुखवटे असेच गेले. घाई माझीच होती, कार्यक्रमाची तारीख जवळ आली होती.

आता पालकांचं. त्यांना काय बोलणार, मीही तेच केलं आहे. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एका मुलीच्या चित्रावर मी ‘जरासा’ हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तिनं आईला फक्त कोपऱ्यातली सायकल दाखवली. ‘एवढंच माझं,’ म्हणाली. मी शेजारीच उभा होतो. तेव्हापासून प्रकल्प घरी जात नाहीत, आणि मीही हातात ब्रश घेत नाही. प्रदर्शन त्यामुळे पूर्वीपेक्षा ओबडधोबड दिसतं. पाहुण्यांना आवडत नाही, इलाज नाही.

पोशाखांबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि माझ्या लेखात ते यायला हवं होतं. संयुक्त राष्ट्रांनी २१ मे हा सांस्कृतिक विविधतेचा दिवस ठरवला, त्याच्या नावातच ‘संवाद’ आहे. पोशाख घालून ओळीनं चालण्यात संवाद कुठला? यंदा आम्ही मुलांना घरातली एक अंगाई आणायला सांगितली : कोण म्हणायचं, कोणत्या भाषेत, कुठले शब्द आता कुणाला कळत नाहीत. एका मुलानं आणली नाही, ‘आमच्यात नाही’ म्हणाला. मी खोदून विचारलं नाही. वर्गात एखाद्यालाच आपल्या अख्ख्या समाजाचा प्रतिनिधी करून उभं करणं मला भाड्याच्या पोशाखापेक्षा वाईट वाटतं. काही अंगाया ऐकताना वर्ग हसला, एका वेळी मात्र एकदम गप्प झाला. त्याचा फोटो कोणी काढला नाही.

राहिली ती दहा-बारा मुलं. इथे माझ्याकडे उत्तर नाही. चिठ्ठ्या टाकून भूमिका दिल्या तर ज्यांना जीव तोडून नाटक करायचंय ती हिरमुसतात, निवड केली तर तेच चेहरे. नेपथ्य आणि प्रकाशाचं काम वाटून पाहिलं, पण ‘मागे’ जाणाऱ्याला आपण मागे गेलोय हे कळतंच. तुमच्या शाळेत किंवा तुमच्या मुलांच्या शाळेत कोणी काही वेगळं करून पाहिलं असेल, तर जरूर लिहा. रंगीत तालमी सुरू व्हायला अजून तीन आठवडे आहेत.